पायासाठी सावड

 चुलीपुढे, शेताच्या बांधावर, शिलाई मशीनवर बसून रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी आणि आजींना आमच्या बचत गटांचा नमस्कार. घरातले दादा आणि काका ऐकत असतील तर त्यांनाही नमस्कार, कारण आजच्या बोलण्यात त्यांचंही काम आहे.

आज आम्ही बोलणार आहोत पायाबद्दल. ज्यांना शुगर आहे, म्हणजे मधुमेह आहे, त्यांच्या पायाला होणाऱ्या जखमेबद्दल. आणि त्यातही एका खास गोष्टीबद्दल: जी जखम एकदा भरली ती पुन्हा का उघडते, आणि ती उघडू नये म्हणून सध्या ज्या एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, सगळीकडे बोलबाला आहे, तिचा आपल्याला काय उपयोग.

आधी हा आजार आपल्या किती जवळ आहे ते बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार शहरातल्या, बसून काम करणाऱ्या लोकांचाच, असं आता राहिलेलं नाही. आमच्या गटांच्या बैठकीत गोळ्यांची पाकिटं पिशवीतून काढणाऱ्या बायका दरवर्षी वाढताना आम्ही बघतो.

आता जखमेचं बघा. पायाची जखम महिनोन् महिने ड्रेसिंग करून एकदाची भरते. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. देवाला नारळ फोडतात. पण पायाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी २०१७ साली अनेक देशांतली माहिती एकत्र करून मांडली, ती अशी: जखम भरलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४० जणांना एका वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. तीन वर्षांत हा आकडा ६० च्या घरात जातो. म्हणून त्यातले काही तज्ज्ञ 'जखम बरी झाली' असं म्हणायचं टाळतात. ती शांत झाली आहे, असं ते मानतात. राखेखाली निखारा असतो ना, तसं.

असं का होतं? कारण जखम भरली तरी ती ज्यामुळे झाली ते सगळं तिथंच असतं. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. पाय बधिर होतो. बोटं वाकडी होतात, हाडं खाली येतात, आणि चालताना सगळा भार एकाच जागी पडतो. तिथं घट्टा धरतो. घट्ट्याखाली कातडी आतून चेचली जाते. भरलेल्या जखमेची नवी कातडी जुनीइतकी दणकट नसते. त्याच जागी रोज हजारो पावलं पडतात. आणि दुखत काहीच नाही.

मैत्रिणींनो, दुखणं आपल्याला नको असतं, पण दुखणं हा शरीराचा राखणदार आहे. चपलेत खडा गेला तर आपण चप्पल झटकतो. बधिर पायाची बाई तोच खडा घेऊन दिवसभर भांगलण करते आणि रात्री मोज्यावर रक्त दिसल्यावर तिला कळतं. राखणदारच पळालेला असतो.

मग दुसरा राखणदार कुठून आणायचा? इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिचं मूळ आपल्याच देशात आहे. पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. तेव्हा लोक समजत की कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. बधिरपणामुळे माणूस स्वतःच्याच हातापायाला इजा करून घेतो, आणि त्या इजांनी ती जातात. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं त्यांनी एका खुणेवर भर दिला. बधिर पायाची एखादी जागा हाताला गरम लागली, तर तिथं आत चेचलेलं असतं आणि काही दिवसांनी तीच जागा फुटते. मधुमेहाचा पायही असाच बधिर असतो. त्यामुळे कुष्ठरोगातून शिकलेली ही गोष्ट मधुमेहाच्या कामी आली.

म्हणजे दुखण्याऐवजी ऊब राखणदार झाली. कातडी फुटण्याआधी आत सूज येते आणि ती जागा तापते. हात ठेवून ते दरवेळी कळत नाही. आपले हात भाकरी थापून, धुणं धुऊन निबर झालेले असतात. म्हणून तापमान मोजायचं.

अमेरिकेत एक अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. पायाला आधी जखम होऊन भरलेले १७३ जण त्यात होते. त्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार आणि योग्य चप्पल दिली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय रोज आरशात पाय तपासायला सांगितलं. तिसऱ्या गटाला पायाचं तापमान मोजायचं यंत्र दिलं. दोन्ही पायांच्या त्याच जागेत ४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २.२ अंश सेल्सिअस फरक आला तर चालणं कमी करा आणि नर्सला फोन करा, एवढंच त्यांना सांगितलं. १५ महिन्यांनी पहिल्या गटात १०० तल्या सुमारे २९ जणांना पुन्हा जखम झाली होती. आरशात बघणाऱ्या गटात ३० जणांना. तापमान मोजणाऱ्या गटात मात्र ८ ते ९ जणांना.

यातून रोज पाय बघणं सोडा असं कोणी समजू नका. काटा, चीर, फोड हे डोळ्यालाच दिसतं. पण आत काय शिजतंय ते डोळ्याला दिसत नाही, हे मात्र खरं.

आता यात एआय कुठे आलं? तीन ठिकाणी.

पहिलं, तापमानाची चटई. वजनकाट्यासारखी खाली ठेवायची, रोज थोडा वेळ तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं. ती पूर्ण तळपायाची उष्णता टिपते आणि दूरच्या संगणकाकडे पाठवते. अमेरिकेत १२९ जणांवर ३४ आठवडे ती वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्या जखमा झाल्या त्यातल्या ९७ टक्के जखमांचा इशारा चटईने आधीच दिला होता, तोही सरासरी ३७ दिवस आधी. म्हणजे महिनाभराहून जास्त. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. ज्यांना जखम झालीच नाही अशा बऱ्याच जणांनाही तिने उगाच सावध केलं. खोटे इशारे कमी व्हावेत म्हणून फरकाची मर्यादा ३.२ अंशांवर नेली, तर खऱ्या जखमाही सुटायला लागल्या; ९७ वरून आकडा ७० टक्क्यांवर आला. शिकणाऱ्या संगणकाची गरज इथंच पडते. एकच आकडा सगळ्यांना लावण्याऐवजी त्याच बाईच्या गेल्या कित्येक दिवसांच्या नोंदी बघायच्या. तिचा उजवा पाय नेहमीच थोडा गरम असतो का? उन्हातून आल्यावर असं होतं का? ज्यांचा एक पाय आधीच कापला गेला आहे त्यांना तर जोडीला दुसरा पाय नाही, तिथं त्याच पायाच्या कालच्या नोंदीशी तुलना करावी लागते. असलं किचकट काम संगणक न कंटाळता करतो.

दुसरं, फोटो ओळखणारा संगणक. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने लँकेशायरच्या रुग्णालयांबरोबर मधुमेही पायांचे हजारो फोटो जमवले. त्यावर संगणकाला शिकवलं की जखम कशी दिसते. २०२० मध्ये ४००० फोटो देऊन जगभरातल्या संशोधकांची स्पर्धाही झाली, कोणाचा संगणक जखम नेमकी शोधतो याची.

तिसरं, बुटातला जाणता तळवा. चालताना एखाद्या जागी फार वेळ दाब राहिला की मनगटावरचं घड्याळ सांगतं, जरा भार बदला. मँचेस्टरमधल्या या अभ्यासात ५८ जण शेवटपर्यंत राहिले. १८ महिन्यांत इशारे मिळणाऱ्यांमध्ये जखमा ७१ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. या यंत्राला अगदी एआय म्हणता येणार नाही, पण त्याच वाटेवरचं ते पाऊल आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तिथल्याच मधुमेह संस्थेबरोबर २०२२ मध्ये एक सँडल तयार केली. तिच्या तळव्यात छोट्या कमानी आहेत. दाब वाढला की त्या आपोआप खाली दबतात आणि भार दुसरीकडे जातो. तिला बॅटरीही लागत नाही.

हे सगळं ऐकून आमच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "हे सगळं तिकडचं. आपल्या गावात काय?" प्रश्न बरोबर होता. ती चटई आपल्या बाजारपेठेत मिळत नाही. पण करोनात कपाळावर धरायचं जे तापमानाचं पिस्तूल होतं, ते बऱ्याच गावांत कपाटात पडून आहे. आमच्या ग्रामसंघाकडे दोन निघाली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच आम्ही ती वापरायला घेतली. त्यांनी एक गोष्ट बजावली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. ही यंत्रं पायासाठी बनवलेली नाहीत. पायाचा ताप किती, हे ती नेमकं सांगणार नाहीत. पण एकाच यंत्राने, एकाच वेळी, दोन्ही पायांतला फरक बघायला ती मदत करतात. पाय कपाळापेक्षा गार असतो, म्हणून यंत्रावर शरीराऐवजी पृष्ठभागाचं बटण लावायचं; नाहीतर ते नुसतं 'लो' दाखवतं.

आमची पद्धत अशी. सकाळी उठल्यावर, कामाला लागण्याआधी. पाय चुलीजवळ किंवा उन्हात गेलेले नसावेत. दहा-पंधरा मिनिटं खाटेवर पाय उघडे ठेवून बसायचं, फरशीला टेकवायचे नाहीत. मग प्रत्येक पायाच्या सहा जागा: अंगठा, अंगठ्याचं बूड, मधल्या बोटाचं बूड, करंगळीचं बूड, तळव्याचा मध्य आणि टाच. दरवेळी यंत्र तेवढ्याच अंतरावर धरायचं. डावा-उजवा आकडा लिहायचा. एखाद्या जागी २.२ अंश किंवा जास्त फरक आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. दोन दिवस लागोपाठ आला तर चालणं कमी आणि आरोग्य केंद्र गाठायचं.

आकडे लिहायचं काम घरातल्या शिकलेल्या मुली करतात. फोनमध्ये मराठीत बोलून आकडे सांगितले की फोनमधलं एआय त्यांचा तक्ता करून देतं, वजाबाकी करतं, कोणत्या दिवशी फरक वाढला ते दाखवतं. दवाखान्यातून मिळालेला इंग्रजी कागद सोप्या मराठीत सांगतं. इतक्या कामाला ते चांगलं आहे. तरी वजाबाकी एकदा वहीत स्वतः करून पाहायची, हा आमचा नियम आहे. बँकेच्या पासबुकाचा हिशोब आपण जसा ताडून बघतो, तसाच हाही.

इथवरचं सगळं सोपं होतं. अवघड पुढे आलं.

आमच्या एका गटात पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी आहेत. डाव्या अंगठ्याच्या बुडाची त्यांची जखम पाच महिने ड्रेसिंग करून भरली होती. मृगाच्या तोंडावर त्यांच्या नातीच्या वहीत त्याच जागेचा फरक २.६ आला. दुसऱ्या दिवशी २.८. नात धावत आमच्याकडे आली. आम्ही गेलो तर मावशी बियाणं निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "दुखत नाही, खुपत नाही. पेरणी डोक्यावर आलीय आणि तुम्ही म्हणता बस. मी बसले तर पाणी कोण आणील? भाकरी कोण टाकील? रोजंदारी कोण भरून देईल?" मुलगाही म्हणाला, "यंत्र काहीही सांगतं."

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच संगणकाकडे नाही. आणि हा प्रश्न फक्त आपल्या गावचाही नाही. नेदरलँड्समध्ये ३०४ जणांवर घरी तापमान मोजण्याचा मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की ज्या जागांचं तापमान घेतलं तिथल्या जखमा नुसतं मोजण्याने फारशा कमी झाल्या नाहीत. ज्यांनी गरम जागा सापडल्यावर खरोखर चालणं कमी केलं, त्यांना मात्र फायदा झाला. म्हणजे इशाऱ्याची किंमत विसाव्यात आहे. इशारा मिळाला आणि बाई तशीच पाटीभर शेण घेऊन गोठ्याकडे निघाली, तर चटई असो, पिस्तूल असो, एआय असो, सगळं वाया.

आणि आपल्या घरातल्या बाईला विसावा कोण देतं? डॉक्टर 'पायावर भार देऊ नका' एवढं सांगतात. पण तिच्या वाट्याची कामं कोण उचलणार ते कागदावर लिहिलेलं नसतं. पुरुषाच्या पायाला पट्टी असली की त्याचं ताट खाटेवर येतं. बाईच्या पायाला पट्टी असली तर ती पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून भांडी घासते. हे आम्ही कोणाला टोचून बोलत नाही. तुम्हीच आपल्या गल्लीत नजर टाका.

मग आम्ही गटाची बैठक घेतली. आपल्याकडे शेतात सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या सगळ्यांनी तुझ्या रानात. पैसे कोणी कोणाला देत नाही, दिवस फेडायचा असतो. आम्ही म्हटलं, पायासाठी सावड का नको?

लगेच होकार आला असं नाही. एक जण म्हणाली, "माझे गुडघे धरलेत, मला कोण सावड देतं?" दुसरी म्हणाली, "अशाने सगळ्यांचेच पाय गरम होतील." हसलो सगळ्या, पण शंका खोटी नव्हती. बराच वेळ भांडाभांडी झाली. शेवटी नियम ठरले. वहीत दोन दिवस लागोपाठ फरक हवा. आरोग्य केंद्रात पाय दाखवलेला हवा. मग दोघी जणी पाणी आणि शेतातलं काम वाटून घेतील. जिला सावड मिळाली ती बसून करायची कामं करेल: गटाचा हिशोब, धान्य निवडणं, पिशव्या शिवणं, लहान पोरं सांभाळणं. दिवस फेडायचा तो अशा कामाने. रोजंदारी अगदीच बुडत असेल तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत मागायची, आणि ती ठरावात लिहायची. गुडघेवाल्या ताईंचं म्हणणंही आम्ही टाकून दिलं नाही. डॉक्टरांनी विसावा सांगितलेल्या प्रत्येकीला हा नियम लागू केला.

मावशींच्या घरी आम्ही सगळ्या मिळून गेलो. मुलाला वही दाखवली. मागची जखम भरायला किती महिने लागले, किती खेपा झाल्या, गाडीभाडं किती गेलं, याचा हिशोब त्याच्याच तोंडून करवून घेतला. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची घागर त्याने उचलली. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी घट्टा नीट खरवडून काढला. त्याखाली काळपट रक्त साकळलेलं होतं. एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल घ्यायला सांगितली. अकराव्या दिवशी फरक एका अंशाच्या खाली आला. विसावा नसता तर जखम झालीच असती, असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. पण त्या जागी आजवर जखम झालेली नाही, आणि पेरणीही झाली.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी.

फोनमधल्या एआयला पायाचा फोटो दाखवून "ही जखम आहे का, काय लावू?" असं विचारू नका. फोटोत वरची कातडी दिसते. आतली ऊब, हाडापर्यंत गेलेला पू, बंद झालेला रक्तप्रवाह दिसत नाही. लँकेशायरमधल्या रुग्णांच्या फोटोंवर शिकलेला संगणक आपल्या सावळ्या, भेगाळलेल्या, मातीत मळलेल्या तळपायावर तितकाच नेमका चालेल, असं गृहीत धरता येत नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतच नाही. एआय गोड भाषेत "काळजीचं कारण नाही" म्हणालं, तरी पाय आपला आहे.

फोटो काढायचा तर तो डॉक्टरांना दाखवायला काढा. दर शनिवारी, त्याच जागी, दिवसाच्या उजेडात, तळवा आणि बोटांच्या बेचक्या. तो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बाईच्या आजाराचा फोटो तिला विचारल्याशिवाय कोणाला पाठवायचा नाही, मग तो पायाचा का असेना. लग्नाच्या मुलीच्या घरात असल्या फोटोवरून काय काय बोललं जातं, हे आपल्याला माहीत आहे.

काही खुणा दिसल्या तर यंत्र, वही, दुसऱ्या दिवसाची वाट, काही बघायचं नाही, तातडीने दवाखाना. कातडी फुटली, पाणी किंवा पू आला, वास आला, बोट काळं-निळं पडलं, थंडीताप भरला. पूर्ण पाय अचानक सुजून लाल-गरम झाला आणि दुखत मात्र नसेल, तरीही. तेव्हा आतली हाडं ढासळत असू शकतात आणि त्यावर चालणं फार धोक्याचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा खूप गार पडला तर रक्त पोचत नसेल, तेही दाखवा.

आता बायकांच्या पायाचं खास. जोडवी. पाय सुजला की जोडवी बोटात रुततात आणि बधिर बोटाला कळत नाही. सैल करून घ्या किंवा काढून ठेवा. सौभाग्य पाय शाबूत राहण्यातही आहे. रोज मांडी घालून फरशीवर बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावर जखम होते. चौरंग, खुर्ची किंवा जाड गोधडी घ्या. कुरूप काढायला बाजारातल्या माणसाकडे ब्लेडखाली पाय देऊ नका. भेगेवर बिब्बा, चुना, कुरपाची पट्टी लावू नका. बधिर पाय भाजतो आणि कळत नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. नवरात्रात अनवाणी राहण्याचा, कोजागरीला तुळजापूरला चालत जाण्याचा नेम असेल, तर आईभवानीला सांगा की पाय तूच दिलेत, ते जपते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालून जा.

आणि आज रात्री करण्यासारखी एक तपासणी. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती शोधली, त्यांचा अभ्यास २०११ मध्ये आला. तिला ना यंत्र लागतं ना पैसा. शुगर असलेल्या बाईला डोळे मिटून पाय मोकळे ठेवून बसवा. आपल्या बोटाच्या टोकाने तिच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. दोन्ही पाय मिळून सहा जागा. स्पर्श कळला की तिने 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधिर होतोय असं समजा आणि या आठवड्यातच आशाताईंना सांगून आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि जिला एकदा जखम होऊन गेली आहे, तिने पाय चांगला दिसत असला तरी एक ते तीन महिन्यांनी डॉक्टरांना पाय दाखवायलाच हवा.

ही तपासणी सुनेने सासूची करावी, सासूने सुनेची करावी. मुलाने आईची केली तर फारच चांगलं. आईच्या पायाला हात लावायला आपण नमस्कारापुरतं वाकतो. त्या निमित्ताने जरा जास्त वेळ बसता येईल.

चटया येतील, शहाण्या चपला येतील, आज महाग आहेत त्या उद्या स्वस्तही होतील. त्या आपल्या आरोग्य केंद्रात याव्यात अशी मागणी आपण ग्रामसभेत जरूर करू. पण त्या आल्यावर पहिला इशारा वाजेल तेव्हा बाईच्या हातातली घागर घ्यायला कोणी तरी लागेल. त्याची तयारी कुठलंही यंत्र यायच्या आधी करता येते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जवसुलीचा विषय संपला की हा विषय घ्या: आपल्यात कोणाकोणाला शुगर आहे, कोणाला जखम होऊन गेली आहे, आणि तिला बसायची वेळ आली तर तिच्या वाट्याचं काम कोण करणार. नावं ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.

 पाय जपा, एकमेकींना जपा.